गिबसोनीचा ताप तिसऱ्यांदा उलटला: औषध चुकलं, घर चुकलं की सड्यावरचा कोल्हा?

सड्याकडचा (पेडणे)

नमस्कार मंडळी. आमच्या कुत्र्याचा गोचीडताप तिसऱ्यांदा उलटलाय. कुत्रा गावठी, नर, वय ५ वर्षं, वजन १८ किलो. घर सड्याला (कातळाच्या पठाराला) लागून, जुनं चिऱ्याचं, बाहेरून गिलावा नाही. क्रम असा आहे:

जूनचा पहिला आठवडा: ताप १०४.५ फॅरनहाइट, जेवण बंद, प्लेटलेट ३८ हजार, पीसीव्ही (रक्तातल्या तांबड्या पेशींचं शेकडा प्रमाण) २६. किटवर एर्लिकिया पॉझिटिव्ह. डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा. तिसऱ्या दिवशी ताप गेला, बाराव्या दिवशी गोळ्या बंद केल्या.

ऑगस्ट: पुन्हा ताप, लघवी कोऱ्या चहासारखी, पीसीव्ही १९. काचपट्टीवर काही दिसलं नाही. तरी डायमिनाझिनचं एक इंजेक्शन दिलं, चार दिवसांत उठून बसला.

आता चवथीनंतर (गणेश चतुर्थीनंतर) तिसऱ्यांदा: पीसीव्ही २२, प्लेटलेट ६१ हजार. या वेळी पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) केला. बॅबेसिया गिबसोनी पॉझिटिव्ह, हेपॅटोझून कॅनिस पॉझिटिव्ह, एर्लिकिया निगेटिव्ह.

अंगावर दर पंधरवड्याला अमिट्राझ (गोचिडी मारायचं औषध) १२.५ टक्के, लिटरला ५ मिली. तरी गोचिडी सापडतातच. रात्री सड्यावर कोल्हे ओरडतात, पहाटे परसात येऊन जातात. युरोपातल्या कोल्ह्यांच्या रक्तात हेच जंतू सापडल्याचं वाचलं.

विचारायचं ते हे: दोनदा बरा होऊन ताप का उलटला? आता नेमकं औषध कोणतं? आणि कोल्ह्यांचं येणं थांबवल्याशिवाय हे थांबणार नाही का?

काचपट्टी

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. तुमच्या कुत्र्याला एक आजार तीनदा झालेला नाही, तीन जंतूंची सरमिसळ झाली आहे. आपल्याकडे सगळ्याला 'गोचीडताप' म्हणतात आणि तिथेच घोळ सुरू होतो. एर्लिकिया हा पांढऱ्या पेशीत राहणारा जिवाणू, बॅबेसिया हा तांबड्या पेशी फोडणारा एकपेशीय परजीवी, हेपॅटोझूनही एकपेशीय पण तो न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशीत बसतो. तिघांची औषधं वेगळी.

जूनचं किट प्रतिपिंडं दाखवतं, जंतू नव्हे. एर्लिकियाची प्रतिपिंडं जंतू गेल्यावरही कित्येक महिने रक्तात राहतात. त्यामुळे 'किट पॉझिटिव्ह' याचा अर्थ एवढाच की या कुत्र्याची आणि एर्लिकियाची कधीतरी गाठ पडली. शिवाय त्या नेहमीच्या चार कप्प्यांच्या किटमध्ये बॅबेसियाचा कप्पा नसतोच, म्हणून तो असला तरी दिसला नसता. डॉक्सिसायक्लिनने तिसऱ्या दिवशी ताप गेला म्हणजे एर्लिकिया बहुधा खरोखर होता. पण ते औषध २८ दिवसांचं असतं. ताप उतरणं हा गोळ्या थांबवायचा इशारा नव्हे. प्लेटलेट आठवड्याभरात चढायला लागल्या नाहीत, तर सोबत दुसरं काही आहे असं धरायचं. सातव्या दिवशी मोजणी झाली असती तर ऑगस्टची वाट पाहावी लागली नसती.

ऑगस्टच्या कोऱ्या चहासारख्या लघवीनेच बॅबेसिया सांगितला होता. फुटलेल्या तांबड्या पेशींचं हिमोग्लोबिन लघवीतून बाहेर पडतं. एर्लिकियात असं सहसा होत नाही. काच निगेटिव्ह का आली? आपल्याकडे दोन बॅबेसिया आहेत. व्होगेली मोठा, नासपतीच्या आकाराचा, जोडीने बसलेला, अडीच ते पाच मायक्रॉनचा. सवयीच्या डोळ्याला चटकन सापडतो. गिबसोनी जेमतेम एक ते तीन मायक्रॉनचं कडं. जुनाट अवस्थेत रक्तात त्याची संख्या इतकी कमी की शंभर क्षेत्रं पाहूनही हाती काही लागत नाही. पीसीआर कामाला येतो तो इथेच.

तरी काच नीट बनवली तर बरंच हाती लागतं, म्हणून कृती देतो. रक्त शिरेतून न घेता कानाच्या टोकाच्या कडेला सुई टोचून येणारा पहिला थेंब घ्या, केशवाहिन्यांतल्या रक्तात बॅबेसिया जास्त भेटतो. पातळ थर ओढा, हवेत वाळवा, मिथेनॉलमध्ये दोन-तीन मिनिटं बुडवा. पावसाळ्यात आपल्या हवेत काच वाळायला वेळ लागतो आणि तेवढ्यात पेशी सुरकुततात, म्हणून पंख्याखाली झटपट वाळवा. पीएच ७.२ च्या बफरमध्ये १० टक्के गिम्सा (पेशी रंगवायचा रंग), २५ ते ३० मिनिटं. मग तेल घालून हजारपट भिंगाखाली थराचं शेपूट आणि कडा तपासा. बफरऐवजी नळाचं पाणी वापरलं की रंगाचे कण पेशींवर बसतात आणि नवशिक्याला सगळीकडे बॅबेसिया दिसू लागतो. तांबड्या पेशीवर बसलेली प्लेटलेट हा दुसरा नेहमीचा चकवा, तिच्याभोवती फिकट वलय दिसतं आणि बारीक फोकस हलवला की ती वरच्या पातळीवर असल्याचं कळतं.

हेपॅटोझूनचे लंबगोल गॅमॉन्ट (रक्तात दिसणारी त्याची अवस्था) न्यूट्रोफिलमध्ये स्पष्ट दिसतात. शंभरात एक-दोन न्यूट्रोफिल भरलेले असतील तर तो बहुधा नुसता सोबती. पंचवीस-तीस भरलेले निघाले तर वजन घटण्याला आणि तापाला तोही जबाबदार. पीसीआर फक्त 'आहे' म्हणतो, किती ते काचच सांगते. तेव्हा एक काच परत करून घ्या.

औषधपेटी

खालची गणितं १८ किलोची आहेत. आपल्या पशुवैद्यांसमोर ठेवून पडताळा, कारण यकृत-मूत्रपिंडाचा अहवाल पाहिल्याशिवाय यातलं काहीच सुरू करायचं नसतं.

आधी ऑगस्टचं इंजेक्शन. डायमिनाझिन व्होगेलीवर चांगलं. गिबसोनीवर ते संख्या कमी करतं, जंतू संपवत नाही. म्हणून चार दिवसांत कुत्रा उठला आणि दीड महिन्यात परत पडला. ते पुन्हा पुन्हा देणं तर धोक्याचंच. एका वेळची मात्रा किलोला ३.५ मिग्रॅ आणि सुरक्षित अंतर फार थोडं. जादा झालं तर मेंदूत रक्तस्राव होऊन कुत्रा झोकांड्या खातो.

इमिडोकार्बही गिबसोनीवर अपुरं. व्होगेलीला ते किलोला ६.६ मिग्रॅ, १४ दिवसांनी पुन्हा. बाटली मिलिलिटरला १२० मिग्रॅची असेल तर १८ किलोला साधारण १ मिली होतं. स्नायूत किंवा कातडीखाली, शिरेत कधीही नाही. लाळ, उलटी, हगवण होते म्हणून पंधरा-वीस मिनिटं आधी ॲट्रोपिन देतात. तुमच्याकडे हे हेपॅटोझूनसाठी लागू शकतं. काचेवर गॅमॉन्ट भरपूर दिसले तर किलोला ५ ते ६ मिग्रॅ, दर १४ दिवसांनी, गॅमॉन्ट दिसेनासे होईपर्यंत.

गिबसोनीसाठी सध्याची पहिली जोडी: ॲटोव्हाक्वोन किलोला १३.३ मिग्रॅ दर ८ तासांनी, अधिक अझिथ्रोमायसिन किलोला १० मिग्रॅ दिवसातून एकदा, दोन्ही १० दिवस. म्हणजे ॲटोव्हाक्वोन एका वेळी २४० मिग्रॅ, दहा दिवसांत ७.२ ग्रॅम. अझिथ्रोमायसिन १८० मिग्रॅ, ५ मिलीला २०० मिग्रॅचं सिरप असेल तर ४.५ मिली.

दोन चुका इथे नेहमी होतात. ॲटोव्हाक्वोन रिकाम्या पोटी दिलं तर रक्तात फारच थोडं उतरतं. त्याला स्निग्ध पदार्थ लागतो: तूप-भात, अंड्याचा बलक, सालीसकट कोंबडी. आजारी कुत्रा जेवत नसेल तर आधी उलटी थांबवणारं औषध आणि मग हे. दुसरी चूक आठ तासांची पाळी. सकाळ-दुपार-रात्र अशी सैल पाळी करून रात्री दहापासून सकाळी दहापर्यंत बारा तासांची पोकळी राहते. सहा-दोन-दहा अशी वेळ बांधा.

हे औषध एकटं द्यायचं नाही आणि अर्धवट सोडायचं नाही. गिबसोनीच्या सायटोक्रोम बी जनुकात १२१व्या जागी मिथायोनिनऐवजी आयसोल्युसिन आलं की ॲटोव्हाक्वोन बसेनासं होतं. असा प्रकार अर्धवट उपचारातून निवडून वर येतो आणि मग दुसऱ्या खेपेला ही जोडी चालत नाही.

स्टेरॉइडबद्दल: रक्त कमी म्हणून सरसकट देऊ नये. बॅबेसियामुळे शरीर स्वतःच्याच तांबड्या पेशी मारायला लागलं असेल, तर पशुवैद्य ते विचार करून देतात. पण जंतूवर औषध सुरू नसताना दिलेलं स्टेरॉइड म्हणजे गिबसोनीला मोकळं रान.

सड्याकडचा (पेडणे)

आभार. औषधाच्या दुकानात ॲटोव्हाक्वोन फक्त प्रोग्वानिलसोबतच्या मलेरियाच्या गोळीत मिळतं म्हणतात. ती चालेल का?

औषधपेटी

त्यातलं प्रोग्वानिल कुत्र्यांना उलट्या करवतं, हीच अडचण. गोळी गेल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर ती मात्रा गेलीच समजा. काही पशुवैद्य उलटीचं औषध आधी देऊन ती वापरतात, पण मात्रा त्यांनीच ठरवायची. त्या गोळीत २५० मिग्रॅ ॲटोव्हाक्वोनसोबत १०० मिग्रॅ प्रोग्वानिल असतं, हे विसरून वरचं गणित तिला लावू नका.

दुसरी वाट तिहेरी: क्लिंडामायसिन किलोला २५ मिग्रॅ, मेट्रोनिडाझोल १५ मिग्रॅ, डॉक्सिसायक्लिन ५ मिग्रॅ, तिन्ही दर १२ तासांनी. ही कित्येक आठवडे चालते, हळू काम करते. तुमच्याकडे एर्लिकियाचा डॉक्सिसायक्लिनचा कोर्स अर्धवट राहिला होता, म्हणून तेही यात भरून निघतं, हा एक फायदा. लक्ष ठेवायचं ते मेट्रोनिडाझोलवर: कुत्रा डोकं एका बाजूला झुकवायला लागला, बुबुळं आडवी थरथरायला लागली, पाय लटपटले तर लगेच थांबवून डॉक्टरांना कळवा. डॉक्सिसायक्लिन दुधा-दह्यासोबत नको, आणि गोळी कोरडी गिळवू नका. अन्ननलिकेत अडकली तर तिथे व्रण होतो. मागून घासभर भात द्या.

रानवाट (सत्तरी)

कोल्ह्याची बाजू मांडतो, कारण इथे भाषेमुळेच अर्धा गैरसमज आहे. युरोपातल्या ज्या संशोधनाबद्दल वाचलंत ते लाल खोकडांबद्दलचं आहे. मराठी बातम्यांत खोकडाचं सर्रास 'कोल्हा' करून टाकतात. सड्यावर रात्री कुई करतो तो आपला कोल्हा, आठ-दहा किलोचा, कुत्र्याचा जवळचा भाऊबंद. खोकड तीन-एक किलोचं, मोठ्या कानांचं, झुपकेदार लांब शेपटाचं, वेगळ्याच शाखेचं.

युरोपातल्या खोकडांत जो बॅबेसिया भरपूर सापडतो त्याचं नाव बॅबेसिया व्हल्पिस. २०१५ पर्यंत तो थायलेरिया ॲनी म्हणून ओळखला जायचा. खोकडं त्याच्यासोबत बहुधा धडधाकट फिरतात, पण स्पेनमधल्या कुत्र्यांत त्याने तीव्र पंडुरोग आणि मूत्रपिंडाचा त्रास होतो. तुमच्या अहवालात तो नाही. हेपॅटोझून कॅनिस मात्र तिथल्या खोकडांतही आहे, आणि गंमत म्हणजे जर्मनी-ऑस्ट्रियात जिथे आपली तपकिरी कुत्रागोचीड उघड्यावर टिकत नाही तिथेही आहे. आईकडून पिल्लात गर्भातच उतरणं हे त्याचं एक कारण.

आपल्या कोल्ह्याचा गिबसोनीशी संबंध नाही असं नाही. १९१० साली पॅटनने हा जंतू मद्रासच्या शिकारी कुत्र्यांत नोंदवला, आणि लगोलग कोल्ह्याच्या रक्तातही. हेपॅटोझूनची पहिली नोंदसुद्धा १९०५ ची, भारतातल्याच कुत्र्यांतली. पण 'कोल्ह्यात सापडतो' आणि 'कोल्ह्याने तुमच्या कुत्र्याला दिला' यात मोठं अंतर आहे. तपकिरी गोचीड अंड्यापासून म्हातारपणापर्यंत कुत्र्यावर आणि कुत्र्याच्या झोपायच्या जागेतच वाढते. पहाटे दोन मिनिटं परसातून गेलेल्या कोल्ह्यापेक्षा तुमच्या बलकांवातली (ओटीवरची) फट तिला जास्त जवळची. उलट वाट पाहायची तर आपली मोकाट कुत्री सड्यावर जाऊन गोचिडी, डिस्टेंपर आणि रेबीज कोल्ह्यांना देतात, ती काळजी मोठी.

आणखी एक वाट विसरू नका: चावा. गिबसोनी रक्तातून रक्तात जातो, कुत्र्यांच्या भांडणात गोचिडीविना पसरतो. नर कुत्रा, भाद्रपदाचे दिवस, आणि तिसरा ताप चवथीनंतर. मानेवर, कानांवर जखमांच्या खुणा आहेत का पाहा. नसबंदी झालेली नसेल तर रक्त भरून निघाल्यावर करून घ्या, भांडणं कमी होतात.

कोल्हे परसात का येतात ते पाहायचं तर कोंबडीचा कचरा आणि उष्टं उघड्यावर टाकणं बंद करा, एवढंच पुरे. सापळा, विष, फटाके काही नको, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली तो संरक्षित आहे. मेलेला कोल्हा दिसला तर हात न लावता वनखात्याला कळवा. तपासणीला पाठवायचंच झालं तर ते त्यांच्या परवानगीने, आणि प्लीहेचा तुकडा आणि अंगावरच्या गोचिडी इथेनॉलमध्ये. फॉर्मेलिनमध्ये टाकलं की डीएनए खराब होऊन पीसीआर फसतो, ही चूक अजून होते.

काजूबाग

मध्येच विचारते. सत्तरीत माकडताप असतो तो याच गोचिडीचा का? कुत्र्याची गोचीड हाताने काढली तर माणसाला काय होऊ शकतं?

रानवाट (सत्तरी)

नाही बाय. माकडताप हा विषाणूचा, त्याची गोचीड रानातली, हिमाफायसॅलिस गटातली. सत्तरीत तो २०१५ पासून आहे, काजूच्या हंगामात रानात जाणाऱ्यांना जास्त. कुत्र्याच्या या तापाशी संबंध नाही. पण तपकिरी कुत्रागोचीड माणसाला रिकेट्सिया या जिवाणूचा ताप देऊ शकते, म्हणून नखावर चिरडू नका. हातमोजे घाला, बारीक चिमट्याने तोंडाजवळ कातडीलगत धरा, सरळ ओढा, पिळू नका, स्पिरिटच्या बाटलीत टाका. रॉकेल, काडीचा चटका, चुना यांनी ती चावल्या जागी ओकते आणि काम बिघडतं. चावल्यानंतर ताप आला तर डॉक्टरांना गोचिडीबद्दल आपणहून सांगा.

चिऱ्याचं घर

खरा घोळ घरात आहे. चिऱ्याच्या नागव्या भिंतीला जेवढी भोकं तेवढ्या खोल्या. रक्त पिऊन टम्म झालेली मादी कुत्र्यावरून पडते आणि वर चढते, म्हणून लोक जमीन पुसत बसतात आणि ती दाराच्या चौकटीमागे, वाशाच्या बेचक्यात, कौलांखाली दोन-चार हजार अंडी घालून मोकळी. अंडी फुटायला साधारण तीन आठवडे. फवारा अंड्यांवर चालत नाही. म्हणून एकदा फवारून 'औषध बोगस' म्हणणाऱ्यांना तिसऱ्या आठवड्यात सहा पायांची बाळं भेटतात.

काय करायचं: कुत्रा झोपतो तिथपासून सगळीकडे दोन-तीन मीटरच्या फटी चुना-सिमेंटने भरा. पुढच्या चवथीचं रंगकाम होईल तेव्हा होईल, हे आत्ताच करा. गोणपाट, जुनी गादी जाळून टाका. मग डेल्टामेथ्रिनचं गोठ्या-घरासाठीचं लेबलवर दिलेलं प्रमाण, पंपाने फटीत, चौकटीमागे, माणसाच्या उंचीच्या वरपर्यंत. तीन आठवड्यांच्या अंतराने किमान तीनदा. एका गटाच्या औषधाला गोचिडी सरावतात, अशा गोचिडी भारतात सापडल्या आहेत. दुसऱ्या फेरीनंतरही जिवंत दिसल्या तर मात्रा वाढवू नका, गट बदला. मांजर असेल तर भिंत पूर्ण सुकेपर्यंत ते बाहेर ठेवा, आणि पंप विहिरीच्या काठी किंवा मानशीच्या (खाडीच्या बांधातल्या दाराच्या) पाण्यात अजिबात धुवू नका, मासे जातात.

अंगावरचं: अमिट्राझ थांबवा. १२.५ टक्क्यांचं ५ मिली लिटरला म्हणजे ६२५ पीपीएम (दहा लाखात ६२५ भाग). गोचिडीसाठी २ मिली, म्हणजे २५० पीपीएम पुरतं. जादा अमिट्राझने कुत्रा सुस्त होतो, नाडी मंदावते, रक्तातली साखर वाढते. आजारी, पंडू कुत्र्याला तर नकोच. मधली सुस्ती ताप म्हणून मोजली गेली असेल.

त्याऐवजी आयसोक्साझोलिन गटाची गोळी, वजनाच्या पट्ट्याप्रमाणे, घरातल्या सगळ्या कुत्र्यांना एकाच दिवशी. अफॉक्सोलेनर महिन्याला, फ्लुरालेनर बारा आठवड्यांनी. आपल्याकडे गोचिडीला थंडीची सुट्टी नसते, म्हणून बाराही महिने. कुत्र्याला पूर्वी झटके आले असतील तर पशुवैद्यांना आधी सांगा. गोळी दिल्यावरही महिना-दोन महिने अंगावर गोचिडी दिसतील. ती गोळी चावल्यावर मारते, चढताना अडवत नाही. भिंतीतल्या गोचिडी कुत्र्यावर चढून मरत जातात, घर तसं रिकामं होतं. म्हणून या काळात कुत्र्याला दुसरीकडे ठेवू नका.

काचपट्टी

वरच्याला एक पुरवणी. बॅबेसिया उतरायला गोचीड साधारण दोन दिवस चिकटून राहावी लागते, म्हणून गोळी त्याला बऱ्यापैकी अडवते. एर्लिकिया काही तासांतच उतरतो, तिथे गोळी अपुरी. सोबत इमिडाक्लोप्रिड-फ्लुमेथ्रिनचा पट्टा घातला तर चढण्याआधीच बऱ्याच दूर राहतात. हेपॅटोझूनला तर चावा लागतच नाही, कुत्र्याने गोचीड चावून गिळली की तो पोटातून जातो. तेव्हा कुत्रा स्वतःच्या पंजात तोंड घालून काही कुरतडत असेल तर बोटांच्या बेचक्या रोज तपासा. कानाच्या आत, पट्ट्याखाली, शेपटीच्या मुळाशीही.

पीसीव्ही १५ च्या खाली गेलं किंवा हिरड्या पांढऱ्या होऊन धाप लागली तर गोळ्यांची वाट न पाहता रक्त चढवायला न्या. देणाऱ्या कुत्र्याचाही गिबसोनीचा पीसीआर झालेला असला पाहिजे, नाहीतर दुसऱ्याचा जंतू आपणच आत घालतो.

उपचार संपल्यावर ६० आणि ९० दिवसांनी पीसीआर. दोन्ही निगेटिव्ह आले तरच गिबसोनी गेला म्हणायचं, एकावर विसंबू नका. नमुना जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत १ ते २ मिली, चार-पाच वेळा हलक्या हाताने उलटसुलट करून, ४ अंश सेल्सियसला. पेडण्याहून पाठवताना नळी बर्फाला थेट टेकवू नका, मध्ये कागदाची घडी ठेवा. गोठलं की पेशी फुटतात, आणि त्याच नळीतून पीसीव्ही आणि प्लेटलेट मोजायच्या असतात.